कापलेली क्लिप

रविवार, सिंदी मेघे. संध्याकाळ.

आई अजून तीच क्लिप पाहत बसली आहे.

गेल्या रविवारच्या मॅचमध्ये मी समोरच्या टीमच्या अकरा नंबरला धडकून आडवा केला, त्याची क्लिप. अमेरिकन फुटबॉलमध्ये मला पगार कशाचा मिळतो, हे आईला एकदाचं कळावं म्हणून मीच दाखवली. तीनदा पाहून ती म्हणाली, "हा पडलेला पोरगा उठला का रे?"

"उठला ना. लगेच."

साफ खोटं बोललो. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. मी तेव्हा त्याच्याकडे पाठ करून नाचत होतो, आणि नाच संपला तिथंच क्लिप कापली. धडक नियमात होती, पंचांनी फाऊलही दिला नाही. मग कापली कशाला?

चहा देताना पुन्हा तेच. "तो उठते, ते काऊन नाई दिसत यात?"

मी चहात बिस्किट बुडवलं. तिनं फोन माझ्यापुढे सरकवला.

"फोन लाव त्याले. मी बोलतो. नाव काय त्याचं?"

आठ दिवस झाले. त्याचं नाव विचारावं, हे मला सुचलंही नव्हतं.