सात गावांचा आवाज, म्हणजे मी

४ जानेवारी, सकाळी ७.१०
नवीन वही. मागच्या वर्षीच्या रोजनिशीत तक्रारी फार झाल्या. या वहीत फक्त कार्य.

राष्ट्रीय ग्रामीण सेवा धोरणाचा ड्राफ्ट काल पेपरात आला. दोन हजारांपेक्षा कमी वस्ती असेल तिथे सरकारी दवाखाना आठवड्यातून एकच दिवस उघडणार. आमच्या खोऱ्यातली सातही गावं दोन हजारांच्या आत. सूचना ३१ मार्चपर्यंत पाठवायच्या, नंतर राजधानीत सुनावणी.

सात गावं सात दिशांना तोंडं करून बसली आहेत. एकेकट्याचं वर कोण ऐकतं? सगळ्यांचा मिळून एक आवाज हवा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. या कामाचा अनुभव असलेला दुसरा माणूस खोऱ्यात नाही.

संकल्प : (१) सात गावांचं फेडरेशन. (२) निवेदन. (३) कमी बोलणे, जास्त ऐकणे.

बायकोला वाचून दाखवले. तिसरा परत वाचायला लावला. वाचला. ती भाजी निवडत राहिली.

११ जानेवारी
स्थापना सभा, शाळेच्या खोलीत. अपेक्षित ७०. हजर ९. त्यातले दोघे खिडकी बसवायला आलेले सुतार. त्यांना धरून कोरम झाला.

अध्यक्षपदासाठी माझं नाव मेहुण्याने सुचवलं, अनुमोदनही त्यानेच दिलं. बिनविरोध. लोकांचा विश्वास पाहून भरून आलं.

नर्सबाई बोलायला उठल्या होत्या. पण त्या एकदम तपशिलात शिरतात. औषधं किती, खाटा किती, पेशंट किती. म्हटलं, आधी व्हिजन ठरू दे. त्यांना दवाखाना उघडायला जायचं होतं. गेल्या.

१९ जानेवारी
लेटरहेडवर कुठल्या गावाचं नाव आधी, यावर तीन तास. वरच्या गावाचं म्हणणं, पाणी आमच्याकडून खाली येतं. पुलापलीकडचा गिरणीवाला म्हणाला, पण पीठ आमच्याकडून वर जातं. दोघांना आवरता आवरता माझा घसा बसला. शेवटी तोडगा मीच काढला. नावं गोलाकार छापायची. गोलाला पहिलं-शेवटचं नसतं.

अशा वेळी कळतं, नेतृत्व उपजतच असावं लागतं.

२७ जानेवारी
लेटरहेड आलं. गोलात सगळ्यात वर आमचं गाव. निव्वळ योगायोग. गिरणीवाल्याने सभेत कागद उलटा धरला आणि शेवटपर्यंत तसाच वाचत बसला. दोन गावं उठून गेली.

मिनिट्समध्ये लिहिलं : खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा.

३ फेब्रुवारी
धोरण अजून मंजूर नाही, पण आमच्या दवाखान्याला 'प्रायोगिक तत्त्वावर' आजपासून कुलूप. फक्त मंगळवारी उघडा. बाकीचे दिवस नर्सबाई डोंगरापलीकडच्या पाच ठिकाणी फिरणार.

सूनबाई सातव्या महिन्यात आहे. मुलगा बोटीवर नोकरीला, जूनशिवाय येत नाही. बायकोने विचारलं, काय करायचं ठरवलंय? म्हटलं, निवेदनाचं प्रकरण चार याच विषयावर आहे. ते कधी होणार, म्हणाली. म्हटलं, सध्या प्रस्तावना चालू आहे.

घरातल्या माणसांना पॉलिसी लेव्हलचा विचार जमत नाही. त्यांचा दोष नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दवाखान्यापुढे आज पुलापर्यंत रांग. बायकोने रांगेत एक वही फिरवली म्हणे. बायकांनी आपापलं लिहायचं. कोणाला काय झालं, घरून किती वाजता निघालो, कशाने गेलो, किती वाजता पोचलो. खाली सही. जिला लिहिता येत नाही तिचं शाळेतल्या शिक्षिकेने लिहून घेतलं. शिक्षिका आमच्या शेजारीच राहते, त्यामुळे दोघींचं गुळपीठ. एका दिवसात १४३ जणी.

मला न विचारता. फेडरेशनचा अध्यक्ष घरात बसलेला असताना.

वही चाळली. भाषा अगदीच साधी. एकीने लिहिलंय : 'आईला सायकलवर मागे बसवून नेलं. चार तास लागले. पोचलो तेव्हा आई बसलेलीच होती, पण गेली होती.' ना आकडेवारी, ना संदर्भ. धोरणाच्या कागदात असं चालत नाही. निवडक सहा पानं करून परिशिष्ट ग म्हणून शेवटी जोडू.

ते सायकलचं पान दोनदा वाचलं.

९ मार्च
निवेदन पूर्ण! ४६ पानं. 'सर्वंकष' हा शब्द एकतीस वेळा आला आहे. मेहुण्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पाचव्या पानावर त्याला झोप लागली. शेतात राबणारा माणूस, दमतो.

१४ मार्च
नियम बारीक अक्षरात होता. मर्यादा ४० पाने. सहा काढायला हवीत. प्रस्तावना काढता येत नाही, तिच्यात माझा परिचय आहे. खोऱ्याचा इतिहास काढला तर पुढचं समजणार नाही. परिशिष्ट ग बरोबर सहा पानांचं निघालं.

बायकोला सांगितलं. तिने वही परत मागितली. दिली. रागावली नसावी, कारण काहीच बोलली नाही.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी ६.००
ऐतिहासिक दिवस. आज साठ प्रती शहरात नेऊन एक राजधानीला पोस्ट करायची, बाकीच्या वर्तमानपत्रांना द्यायच्या. गिरणीवाल्याला उपाध्यक्ष केल्यापासून त्याचा छोटा टेंपो मिळतो. गठ्ठे चढवतो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.४०, हॉस्पिटल
पावणेसातला सूनबाईला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. दवाखान्याला कुलूप. नर्सबाई डोंगरापलीकडे. गाडी एकच.

मी म्हटलं, गठ्ठे एका बाजूला सरकवले तर जागा होईल. बायकोने माझ्याकडे पाहिलं. गठ्ठे उतरवले.

टेंपोत मागे पिठाची पोती, त्यांवर गोधडी, गोधडीवर सूनबाई. बायको आणि शिक्षिका तिच्याजवळ. मी पुढे गिरणीवाल्याशेजारी. घाटाच्या दुसऱ्या वळणावर बायकोने आतून पत्र्यावर थाप मारली. गाडी थांबली. आम्हा दोघा पुरुषांना खाली उतरवलं. मी रस्त्यात उभा राहिलो. हातात निवेदनाची एक प्रत होती. ती कधी उचलली, माहीत नाही. सूनबाई आतून 'बाबा आहेत का' म्हणून विचारत होती. आहे म्हटलं. आवाज फुटला नसावा, कारण तिने परत विचारलं.

पाऊण तास.

मुलगी झाली. पण सूनबाईचं रक्त थांबेना. शहर आणखी दोन तासांवर. गिरणीवाल्याने गाडी कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर. वाक्य पुरं केलं नाही.

दोघी ठीक आहेत. अक्षर वाईट येतंय. बाकावर बसून लिहितो आहे.

३१ मार्च
शेवटच्या तारखेला मेहुण्याला पोस्टात पिटाळलं. फॉर्मवर 'निवेदनकर्त्यांच्या सह्या' म्हणून दोन पानांचा रकाना होता. अध्यक्ष या नात्याने मी केली. अध्यक्षाची सही म्हणजे सातही गावांची सही, एवढं कोणालाही कळेल.

बायकोनेही हॉस्पिटलातून त्याच्याबरोबर एक जाड पाकीट पाठवलं. विचारलं नाही. डोक्याला काय कमी व्याप आहेत?

१२ एप्रिल
राजधानीचं पत्र! 'सात गावांचे निवेदनकर्ते' असा पत्ता. सुनावणी २१ तारखेला. एका वक्त्याला पाच मिनिटं, सोबत तीन जण चालतील. बायको येते म्हणाली, तिने नर्सबाईंनाही सांगून ठेवलं होतं. तिसरा मेहुणा. हरकत नाही, टाळ्यांना माणसं लागतात.

आरशासमोर सराव. बावीस मिनिटं लागतात. जरा भरभर बोलावं लागेल.

२१ एप्रिल, परतीच्या बसमध्ये
झालं ते जसंच्या तसं लिहितो.

लांब टेबल, पलीकडे पाच जण, मधोमध अध्यक्षबाई. टेबलाच्या टोकाला घंटा घेऊन एक माणूस. मी उभा राहिलो. सन्माननीयांचा उल्लेख करण्यात दीड मिनिट गेलं, शिष्टाचार आहे. मग खोऱ्याचा इतिहास. पूल बांधला गेला तिथवर आलो आणि घंटा वाजली. म्हटलं, आता मुद्द्यावर येतो. घंटा परत वाजली.

अध्यक्षबाईंनी माझी फाइल मिटली. आवाज मऊ होता. म्हणाल्या, एकच सांगा, तुमच्याकडे शेवटचं बाळंतपण कुठे झालं?

मी म्हटलं, तो तपशील परिशिष्ट ग मध्ये आहे. त्यांनी फाइल पुन्हा उघडली, शेवटपर्यंत पानं उलटली. मी बघत होतो. मग एकदम आठवलं.

मागून बायको उभी राहिली.

"पिठाच्या टेंपोत झालं," ती म्हणाली. "चोवीस दिवसांपूर्वी, घाटात. माझीच नात आहे. नाळ मी बांधली."

अध्यक्षबाईंनी तिला पुढे बोलावून खुर्ची दिली. समोरच्या कागदांच्या चळतीतून काही पानं काढली, बायकांच्या अक्षरातली, आणि एकेक पान तिला विचारत गेल्या. औषधांचं नर्सबाईंनी सांगितलं. पंचवीस मिनिटं. घंटेवाल्याने घंटा वाजवली नाही. तो हनुवटीला हात लावून ऐकत होता.

सुरुवातीची वातावरणनिर्मिती मी केली नसती तर हे शक्य नव्हतं, असं मेहुण्याला म्हटलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

बसमध्ये बायकोला विचारलं, रागावलीस का? तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे होतात. रस्त्यात उभे होतात. तेवढं सांगितलं असतंत तरी पुरलं असतं."

यावर उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

१० मे
अजून सुचलं नाही.

नवा संकल्प : देशातल्या सगळ्या खोऱ्यांचं महाफेडरेशन. सात गावं हा फार लहान कॅनव्हास होता, तिथेच गणित चुकलं. चाळीस पत्रं पाठवली.

१७ जून
महाफेडरेशनला एक उत्तर आलं. पत्ता चुकल्याचं.

मुलगा आला. लेकीला उचलून दिवसभर फिरतो. त्याला निवेदन वाचायला दिलं. नीट वाचायला सवड हवी म्हणाला. बोटीवर घेऊन जाईन म्हणाला. गेला तेव्हा निवेदन टेबलावरच होतं.

२२ जुलै, मंगळवार
फेडरेशनची मासिक सभा. हजर : मी. मेहुण्याचा निरोप आला, दाजी, राग मानू नका, मंगळवारी दवाखान्याच्या ओट्यावर बायकांची बैठक असते, तिथे सगळ्याच गावांची माणसं येतात, मीही तिकडेच आहे. गिरणीवालाही तिकडेच. वरचं गाव आणि पुलापलीकडचं गाव एकाच सतरंजीवर बसतात म्हणे. सहा महिने मी दुसरं काय सांगत होतो?

कोरमअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने मीच पुन्हा बोलावली. पुन्हा तहकूब.

९ सप्टेंबर
अंतिम धोरण आलं. वस्तीची अट गेली. त्याऐवजी, जवळचं हॉस्पिटल तासाभराहून लांब असेल तर दवाखाना बंद करता येणार नाही. आमचा मात्र तीनच दिवस उघडणार. नर्सबाई म्हणाल्या, एकाचे तीन झाले. बायको म्हणाली, तीन म्हणजे सहा नव्हेत. मी दोघींना म्हटलं, हा तत्त्वतः माझा विजय आहे. दोघीही कामाला लागल्या होत्या.

धोरणासोबत, आलेल्या सगळ्या निवेदनांची यादी छापली आहे. सगळी पाहिली. 'सामूहिक निवेदने' यात क्रमांक ११२ : सात गावांतील महिला, १४३ सह्या, सुनावणीस बोलावले. फेडरेशन त्या यादीत कुठेच नाही. पुढे चाळत गेलो. 'वैयक्तिक सूचना', क्रमांक ४२१८. एक नागरिक, एक सही. शेरा : विषय अस्पष्ट.

छापणाऱ्यांची चूक दिसते. दुरुस्तीसाठी पत्र लिहायला घेतलं. 'आम्ही सात गावांतील लोक' एवढं लिहून थांबलो.

५ ऑक्टोबर, रविवार
उरलेल्या तीन दिवसांसाठी शाळेत मोठी बैठक. खोली भरून व्हरांड्यात माणसं. अध्यक्षस्थानी बायको. मी बोलायला हात वर केला होता. ती म्हणाली, आधी मागच्या बाईंना बोलू द्या. त्यांच्यानंतर आणखी अकरा जणी होत्या.

आभारप्रदर्शन मात्र माझ्याकडे दिलं. मी मागितलं होतं, पण दिलं हे खरं. अडीच पानं लिहून नेली होती.

माझी वेळ आली तेव्हा सगळे अर्जावर सह्या करायला बाहेर गेले होते. खोलीत मेहुणा, आणि सतरंजीवर नात. मी घसा साफ केला. सन्माननीय, एवढं म्हणालो.

मेहुणा म्हणाला, दाजी, हळू, आत्ताच डोळा लागलाय तिचा.

उरलेली अडीच पानं मनातल्या मनात वाचली.