ताकदीची सुई

सर, तुम्ही असतात तर आधी माझ्यावर खेकसला असतात आणि मग चहा विचारला असतात. म्हणून खेकसण्याजोगं आहे तेच आधी सांगून टाकतो. मी सरकारला मैदानात बोलावून आलोय.

तुम्हाला सरकारचं किती वावडं होतं ते मला ठाऊक आहे. सरकार मैदानात आलं की आधी मांडव येतो, मग खुर्च्या येतात आणि शेवटी खेळायला जागा उरत नाही, असं तुम्ही म्हणायचात. आशागडच्या आपल्या स्पर्धेला कुणीतरी पुढारी बोलवायचं ठरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, त्यापेक्षा गावातली म्हैस आणा, ती निदान भाषण करत नाही. आपल्या मैदानावर तर पंचसुद्धा नसायचा. ज्याचा पाय पांढऱ्या फक्कीच्या रेषेबाहेर पडेल त्याने स्वतःच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. एकदा मी समोरच्याच्या पायाकडे बोट दाखवून "बाद, बाद!" म्हणून ओरडलो आणि तुम्ही खेळ थांबवलात. सगळ्यांच्या देखत म्हणालात, "दुसऱ्याचे पाय बघायला दिलेत का तुला डोळे? आपली रेषा बघ." संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी नाचणीची आंबील वाढली. तुम्ही माझ्या वाडग्यात आणखी एक पळी ओतलीत. मी मान खाली घालून प्यायलो. तुमचं ते वाक्य मी पुढे तलासरीच्या आश्रमशाळेत पोरांना कबड्डी शिकवताना जन्मभर वापरलं. आता ते मलाच आडवं आलंय.

रानशेतच्या एका पाड्यावरचा पोरगा माझ्या हाताखाली तयार झाला. काटक, लांब हातांचा, चढाईला निघाला की समोरचे चौघं आपोआप मागे सरायचे. तुम्ही त्याला पाहिला असतात तर तोंडदेखलं नाक मुरडलं असतंत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर झाला असतात. टीव्हीवर दिसणाऱ्या, पैसेवाल्या स्पर्धेतल्या एका संघाने त्याला घेतलं. तिथल्या लोकांनी सांगितलं, खेळ चांगला आहे पण अंगात मांस नाही, पुढच्या हंगामापर्यंत वजन वाढवून ये. मी त्याला अंडी, कडधान्य, दूध असं सांगत राहिलो. त्याला घाई होती. तो चारोटीच्या नाक्यावर जिममध्ये जायला लागला.

ती जिम कुणाची ते ऐका. आपल्या संघात उजवा कोपरा सांभाळायचा त्याची, मी अजून त्याला उजवा कोपराच म्हणतो. तुमचाच पठ्ठ्या, चिकूवाडीवाल्यांचा. तो पकडीला बसला की मी पाठ उघडी टाकून निर्धास्त खेळायचो. बाकीचे कुणी वापीला गेले, कुणी वर गेले. आम्ही दोघंच उरलो होतो.

आपल्याकडे ताकदीची सुई म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाताची लावणी आटपली, कंबर धरली, अशक्तपणा आला की माणसं डॉक्टरकडे जातात आणि स्वतःच सांगतात, ताकदीची सुई द्या. ती घेतल्याशिवाय बरं वाटतच नाही. आपल्या उजव्या कोपऱ्याने पोराला तेच सांगितलं. ताकदीची सुई आहे, घे. पोराची आई पहिल्यांदा स्वतः बरोबर गेली होती, सुई टोचताना त्याचा हात धरून बसली. काही महिन्यांत पोरगा फुगला. पाठभर पुटकुळ्या आल्या. कधी चढ्या आवाजात न बोलणारा मुलगा भावाच्या अंगावर धावून जायला लागला. मला वाटलं, शहराचं वारं लागलं.

मग संघाच्या शिबिरात चाचणीवाले आले. त्यांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत कुठलं औषध घेतलंस का? पोराने बेधडक सांगितलं, नाही. चाचणीत स्टेरॉइड निघालं. बंदी आली, आणि वर खोटं बोलल्याचा ठपकाही. तो घरी आल्यावर मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. "सर, औषध आजारी माणूस घेतं ना? मी कुठं आजारी होतो?" दारातून त्याची आई म्हणाली, "ताकदीची सुई होती, सर. लावणीनंतर आमी पन घेतो. माना काय ठाव?" एवढी वर्षं शिकवलं, पण औषध कशाला म्हणतात ते शिकवायचं असतं हे मलाही सुचलं नव्हतं.

पुढे पोराचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, यकृतावर परिणाम झालाय, वेळेत आणलंत. आता तो ओट्यावर बसून असतो. पाड्यावरचे लोक येतात, बघतात, जातात. संघवाल्यांचा एकदाही फोन आला नाही.

मी चारोटीला गेलो. उजवा कोपरा नेहमीसारखा चहा सांगून मोकळा. मी सगळं बोललो. त्याला वाईट वाटलं सर, खोटं कशाला सांगू. त्याने कपातली साय बोटाने बाजूला काढली. मग म्हणाला, "अरे, तो धंदेवाईक खेळ आहे. पैसा कंपनीचा, अंग त्याचं, बघणारे टीव्हीवाले. मध्ये सरकार कशाला? मी नाही दिलं तर वापीवाला देईल. जवा दे ने यार, सोडून दे." मी विचारलं, अजून किती पोरांना देतोस? पलीकडे आरशासमोर आणखी दोघं-तिघं वजनं उचलत होती. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं.

तिथून परतताना मी तुमच्याशी भांडत होतो. सर, ज्याने त्याने आपली रेषा बघावी हे खरं, पण आपल्याला ती दिसत होती. तुम्ही रोज सकाळी वाकून फक्की टाकायचात. या पोराला रेषा कुणी आखून दाखवली? चिकूवर काय फवारायचं आणि काय नाही ते सांगायला सरकारी माणूस वाडीत येतो. पोराच्या दंडात काय जातंय ते बघायला कुणी येत नाही. येतात ते बाटलीत लघवी घ्यायला, तीही सगळं होऊन गेल्यावर. खेळणारा घरी बसतो आणि टोचणारा दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. तुमची भीतीही मला कळते. पोलीस आले तर आधी पाड्यावर येतील, त्या बाईला पोराचा हात का धरलास म्हणून दरडावतील. सरकारचा हात नेहमी जवळच्या गरिबावर आधी पडतो. तरीसुद्धा कुणीच येऊ नये, असं आता मला म्हणवत नाही.

डहाणूच्या कचेरीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तरुण होते, खेळाचे शौकीन होते. म्हणाले, "सरकारने लक्ष घालावं, बरोबर आहे. कुणाच्या बाबतीत घालावं? नाव द्या." आणि कागद माझ्यापुढे सरकवला. वर्तमानपत्रात अशा चर्चा वाचताना सरकार म्हणजे कुठेतरी लांबचं काहीतरी वाटतं. इथे ते माझ्याच हाताने सुरू होत होतं. मी नाव लिहिलं. पोराच्या आईवर दोष येऊ नये म्हणून खाली चार ओळी जास्त लिहिल्या, आणि सही केली.

आता जिमला कुलूप आहे. उजव्या कोपऱ्याच्या बायकोचा फोन आला होता, ती फक्त रडली. त्याचा आला नाही, येणारही नाही. माझी बायको गेल्यापासून मी या वाडीत एकटाच राहतो, मुलं आपापल्या जागी आहेत. रविवारी चारोटीला जायचं, दोन कप चहा प्यायचा आणि तुमच्याबद्दल बोलायचं, एवढाच माझा आठवडा होता. काल एसटी नाक्यावर थांबली. मी उतरलो नाही. कंडक्टर म्हणाला, "काका, चारोटी आली ना?" मी म्हटलं, पुढचं तिकीट दे.

तक्रार मी मागे घेणार नाही. तुम्ही असतात तरी घेतली नसती. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवायचं धाडस झालं नसतं, म्हणून शेवटचं तेवढं सांगून टाकतो. तुमचा आवाज मी केव्हाच विसरलोय, सर. उजवा कोपरा तुमची नक्कल हुबेहूब करायचा, तोच तुमचा आवाज म्हणून मी इतकी वर्षं ऐकत आलो. आज लिहिताना तुमचं एकेक वाक्य आठवत होतो, आणि प्रत्येक वेळी तोच बोलत होता.