पांढऱ्या पेशी, शोभाताई, पेशी!

शोभाताई,

तू गेल्याले तीन महिने झाले. रडून झालं. आता मले तुह्यावर राग येऊन राह्यला, म्हणून लिहून राह्यली.

काल भाऊजींनी तुही पेटी उघडली. शालूच्या घडीत रक्ताचा रिपोर्ट निघाला. मरणाच्या वीस दिवस आधीचा! काहून लपवला वं?

कापूस वेचता वेचता तू बाही वर केली होती. हातभर लाल ठिपके, निळे डाग. "कापसाची पऱ्हाटी लागली," म्हणाली. मग हळूच, "दवाखान्यात रक्त तपासलं. मले पांढऱ्याचा त्रास हाये म्हणे. यवतमाळले जा म्हणते. तुह्या भाऊजीले सांगू नको, लाज वाटते."

आन् मी? बारावी शिकलेली! मले वाटलं, बायकांचं अंगावरून पांढरं जाते तेच. तांदळाचं धुवण पी म्हटलं! कागद पाहू दे, एवढं तोंडून निघालं नाही.

पंधरा दिवसांनी तुह्या नाकातलं रक्त थांबेना. यवतमाळच्या डॉक्टरनं रक्ताचा कॅन्सर सांगितला. तिसऱ्या दिवशी तू गेली.

आज दारव्ह्याच्या लॅबमधल्या मॅडमनं तो रिपोर्ट समजावला. पांढऱ्या पेशी रक्तात असतात, ताई! आजाराशी लढतात. अकरा हजारांच्या आत पाहिजेत, तुह्या नव्वद हजार. प्लेटलेट रक्त थांबवतात. दीड लाख तरी लागतात, तुह्या अठरा हजार. ते ठिपके पऱ्हाटीचे नव्हतेच! हिमोग्लोबिन पाच, आन् तू उन्हात वेचत होती. कोणत्या कापसासाठी? भाव नाही म्हणून तो अजून घरातच पडून हाये.

तिथून तशीच, तुहं रक्त तपासलं त्या दवाखान्यात गेली. कंपाउंडर म्हणे, "सांगितलं होतं न मी. पांढऱ्या वाढल्या, यवतमाळले जा."

"पेशी म्हटलं काय? रक्तातल्या म्हटलं?"

"गर्दी असते, बाई. कोणाकोणाले समजावू?"

"एक शब्द जास्त बोलले असते तर जीभ झिजली असती?"

बाकावरच्या बाया पाहतच राह्यल्या. एकीच्या हातात रिपोर्ट होता. "काय सांगितलं तुले?" मी विचारलं. ती खाली पाहून म्हणाली, "काय मालूम."

तिच्याजवळ बसली. कागद उलगडला.

तुहा जीव वाचला असता का? मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही. पण लाजेपायी गप्प राह्यली, हे मी तुले माफ करणार नाही. मलेही नाही.

दर बाजाराच्या दिवशी मी त्या बाकावर बसीन, ताई. कोणी हाकललं तरी. जिले समजलं नाही, तिले हात धरून परत आत नेईन आन् पुन्हा विचाराले लावीन.

तुह्यावर रागावलेली,
संगी