शनीचं दुसरं वर्ष

प्रिय बाबा,

दादा आंघोळीला गेलाय. साडेनऊला खाली रिक्षा येईल, तेवढ्या वेळात हे लिहून टाकते. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, मी कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण मला तुमच्याशी भांडायचंय.

वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलीय, म्हणून परवा मी घाटकोपरहून दादाकडे मुलुंडला आले. माझी बॅग घ्यायला तो खाली आला होता. वर चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि मोबाइल बघत बसला. मोबाइल बंद होता, बाबा. तुम्हीही तिथेच थांबायचात ना? समोरच्या दारावरची पाटी वाचायचात. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्यांची पाटी कोण वाचतं हो?

"ॲसिडिटी आहे गं," दादा म्हणाला. आठ दिवसांपासून छाती भरून येतेय. मी म्हटलं, चल आत्ताच्या आत्ता दाखवू. तर म्हणतो, "पंधरा-सोळा दिवस थांब. वाढदिवस होऊन जाऊ दे."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं होतं. तुमचा डावा हात दुखत होता आणि तुम्ही तिला म्हणालात, पोरांना सांगू नकोस, वाढदिवस होऊन जाऊ दे.

तो लोखंडी कपाटाच्या दारावरचा तक्ता अजून आहे. आपल्या चौघांची नावं, पुढे ग्रहांचे रकाने. बुधाचं वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवसांचं, म्हणून दर अठ्ठ्याऐंशी दिवसांनी प्रत्येकाचा वाढदिवस आणि शिरा. आई करवादायची, "चार माणसं आणि वर्षाला सोळा-सतरा वाढदिवस, रवा काय आभाळातून पडतो?" शुक्राचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी विचारलं होतं की तिथे शाळा कधी सुटते. तुम्ही किती हसलात! वर्गातल्या पोरांनाही सांगितलंत, मला दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी चिडवलं होतं.

आणि शनी. त्याचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं. शेजारच्या पाटकरकाकू शनिवारी तेल वाहायला सांगायच्या, तर तुम्ही म्हणायचात, "काकू, शनीला आपला पत्तासुद्धा ठाऊक नाही." एवढे तुम्ही शहाणे. मग तुमचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, तेव्हा "अण्णा शनीवर दोन वर्षांचेही झाले नाहीत, मी होऊन दाखवणार" हे कशाला म्हणालात? तक्त्यावर तुमच्या एकोणसाठाव्या वाढदिवसाला लाल पेन्सिलीने गोल केलात. त्या गोलाच्या अकरा दिवस आधी तुम्ही गेलात. आणि दादाच्या नावापुढे तसाच लाल गोल करून ठेवलात.

मी चिडले, बाबा. अजून चिडलेली आहे. साडेसातीला हसणाऱ्या माणसाने घरात ही असली साडेसाती ठेवून जावी?

काल दुपारी दादा झोपला होता तेव्हा मी तक्त्यासमोर बसले आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे गणित पहिल्यापासून केलं. तेव्हा कळलं. शनीचं वर्ष साडेएकोणतीसला सोळा दिवस कमी आहे. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून तुम्ही "साडे" केलंत. दोन वर्षांचा मिळून महिनाभराचा फरक. म्हणजे तुम्ही शनीवर दोन वर्षांचे झाला होतात. खरा वाढदिवस होऊन गेल्यावर वीस दिवसांनी गेलात. ज्याची वाट बघत डॉक्टरकडे गेला नाहीत, तो दिवस कधीच मागे पडला होता.

मला वाटलं, हे ऐकून दादा सुटेल. आज सकाळी चहा पिताना मी त्याला कागद दाखवला. "बघ, तुझाही वाढदिवस होऊन गेला. आता कसली वाट बघतोस?"

त्याने कागद हातात घेतला. बोटांवर मोजलं. चहावर साय धरली.

"सतरा दिवस झाले मला," तो म्हणाला. "बाबा विसाव्या दिवशी गेले." आणि मग हळूच, "सुमे, एवढे तीन दिवस जाऊ दे ना."

चांगलं करायला गेले आणि वाट लावून बसले. तुम्ही त्याला चौदा दिवसांवरची तारीख दिली होती, मी तीन दिवसांवर आणून ठेवली. मी तुमचीच मुलगी, दुसरं काय.

मग मी खोटं बोलले. म्हटलं, बरं, राहू दे. पण शनीचा वाढदिवस राहून गेलाय, आंघोळ करून ये, ओवाळते. शिऱ्याला लगेच तयार झाला. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. तो आत गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले थांबू नका, घेऊन या, आणि जिना चालत उतरवू नका. खालच्या वॉचमनला आणि दोघा शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. ते खुर्ची घेऊन वर येतायत.

पाण्याचा आवाज थांबलाय. हाक मारली, "आलो" म्हणाला. आवाज फरशीजवळून आला, बसल्या जागेवरून. कडी लावू नकोस म्हणून मी सांगितलं होतं, ती त्याने लावलेली नाही. मी उठतेय.

बाबा, एवढं वचन देते. आज ओवाळणार नाही, शिरा तसाच कढईत राहील, पण त्याचा हात सोडणार नाही. तो चिडला तरी नाही, रडला तरी नाही. तीन दिवस काय, मी तीन मिनिटं थांबणार नाही. आणि तुम्ही तिकडे लाल पेन्सिल घेऊन त्याची वाट बघत असाल, तर ती ठेवून द्या. मी त्याला येऊ देणार नाही.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच
सुमी