रानशेतात सगळ्या कामांना मीच

रानशेत

चि. सुषमा हिला मामाचे आशीर्वाद.

तुझी आणि तुझ्या आईची तब्येत बरी असेल. इथे बारकीमामीचे गुडघे ठीक आहेत. माझा घसा उत्तम आहे (कोणी विचारत नाही). फोन बंद ठेवलाय, म्हणून हे पत्र तलासरीला निघालेल्या शेजारच्या दिपकच्या हाती देतो.

पुढच्या शुक्रवारी आपल्या वर्षाचं लग्न, आणि आमची धवलेरी नवशीबाई हिचा आवाजच गेला. धवलेरीने गाऊन लावल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही. म्हणून तू ब्लॉगवर केलेली कामकऱ्यांची यादी उघडली. काय गं ते दोन मेनू! वरच्यात गाव निवडलं की खालच्यातली कामं सुपात पाखडल्यासारखी उडून जातात. रानशेत म्हटलं की मासळीवाल्या गेल्या. डहाणू रोड म्हटलं की परत आल्या. मधल्या वेळात त्या असतात कुठे? पुष्कळ पुस्तकं वाचली, पण याचं उत्तर कुठे मिळालं नाही. मी अर्धी सकाळ त्यांना घालवत आणि आणत बसलो. शेवटी मामी म्हणाली, "लग्न मुलीचं आहे, मासळीचं नाही."

मग रानशेत आणि धवलेरी निवडलं. एकच नाव आलं. माझं. (माणूस एका कप्प्यात मावत नाही, हे मी सभांमधून सांगत आलो. म्हणूनच नाव घालताना तुला म्हटलं होतं, मला सगळ्या कामांखाली टाक. तू टाकलंस. मोठ्यांचं एवढं ऐकू नये.) पण तोवर चष्मा काढून ठेवला होता, नाव नीट दिसलं नाही, म्हणून मामीच्या फोनवरून तो नंबर लावला. माझ्या खिशात वाजला. सवयीने उचलला. दोन्ही कानांना मीच. तीच यादी बघून विहीर खणायला, बकरी तपासायला, मांडव घालायला माणसं मलाच बोलावतात. एकाला मी नाही म्हटलं तर तो म्हणाला, "मग नाव कशाला टाकलं, काका?"

त्यातच एका बाईचा फोन आला. "गडी माणूस धवलेरी कधीपासून झाला रे?" मला वाटलं, चेष्टा चालली आहे. मी पेटलो. बाईचं काम, गड्याचं काम ही विभागणी केली कोणी, इथून सुरुवात करून थेट माणुसकीपर्यंत गेलो. मध्येच तिने फोन ठेवला. मामी चुलीपाशी ऐकत होती. तिने आवाज ओळखला. म्हणाली, "तलासरीची पुतळी धवलेरी होती ती. आता लाव तूच लग्न."

तरी माझं नाव सगळ्या कामांखालून काढ. फक्त 'वक्ता' राहू दे.

तुझा,
लक्ष्यामामा

ता. क. खरं काम हे: पुतळीबाई तुझ्याच पाड्यातली. तिच्याकडे जा, माझ्या वतीने हात जोड आणि शुक्रवारी तिला घेऊनच ये. ती आली नाही तर वर्षा मांडवातच बसून राहील.

ता. क. २. मामी खांद्यावरून वाचते आहे. लिही म्हणते, लग्नात मामा अवाक्षर बोलणार नाही, असं पुतळीबाईला सांग. लिहिलं.

ता. क. ३. मामी पाण्याला गेली. पुतळीबाईचा राग उतरलेला दिसला तर विचारून बघ, जेवणं झाल्यावर दोन शब्द चालतील का.