कंपनीला कळवलं आहे

४ सप्टेंबर

आलं एकदाचं! सकाळी दात घासताना फोन पाहिला – नवं अपडेट तयार. ब्रश तोंडात तसाच ठेवून बटण दाबलं. अर्धा तास फोन काळाठिक्कर. चहा गार झाला. बायको टेबलापलीकडून बघत होती. हातानेच विचारलं – काय, बाळंतपण चाललंय का?

हसा म्हणावं. उन्हाळा संपल्यापासून वाट बघतोय. कंपनीने सांगितलं होतं, या वेळी बोलण्याची अक्षरं जास्त अचूक उमटणार, गोंगाटातसुद्धा. मला दुसरं काय हवं? कॅमेऱ्याला चार डोळे लावा नाहीतर चाळीस. समोरचा बोलतो ते मला पडद्यावर वाचता आलं म्हणजे मिळवली. फर्निचरच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं करवतीच्या यंत्राशेजारी गेली, कानही तिथेच गेले. कानात घालायच्या यंत्रातून आवाज येतो, पण शब्द येत नाहीत – भिंतीपलीकडे कुणी बोलत असल्यासारखं. माझे शब्द सगळे या फोनमधून येतात. मध्यंतरी अक्षरं जरा चुकायला लागली होती. जुनं झालं, दुसरं काय. आता बघू.

कारखान्यातला भागीदार म्हणतो, "त्या कंपनीचा घरजावई आहेस तू." म्हणू दे. तो दर वर्षी फोन बदलतो आणि कंपनीही बदलतो. माझी एकच. आपल्या भाषेत अक्षरं द्या म्हणून मी त्यांना ई-मेल केला होता, आणि पुढच्याच वर्षी दिली! माझ्यामुळेच दिली असं मी म्हणत नाही. ही म्हणते, "म्हणता की! येईल त्या पाहुण्याला सांगता."

५ सप्टेंबर

करवत सुरू असताना भागीदाराचं अख्खं वाक्य बरोबर उमटलं. शिवीसकट. वा रे पठ्ठ्या!

९ सप्टेंबर

घोटाळा आहे काहीतरी.

दुपारी जेवायला घरी आलो. ही शिलाई मशीनवर बसलेली – आमच्या सोफ्यांची कव्हरं हीच शिवते. माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. पडद्यावर आलं – "अहो, रात्र कुठे ठेवलीत?"

म्हटलं, कपाटात घडी करून ठेवलीय. हिला कळेना. फोन दाखवला. इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले. कात्री विचारत होती.

संध्याकाळी – "तुमच्या शहराचं पतन झालंय." शर्टाचं बटण तुटलं होतं! याच्यावरही हसलो. पण रात्री जेवताना ही बराच वेळ काही सांगत होती. शेजारणीचं असावं, कारण मान तशीच वाकडी करून दाखवली. पडद्यावर मात्र नुसता चिवडा. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाली असावी, जाऊ द्या. हाताने तसं केलं.

'अहो' तेवढं दर वेळी बरोबर येतं.

१० सप्टेंबर

कंपनीला कळवलं आहे. सविस्तर, उदाहरणांसह.

१३ सप्टेंबर

कंपनीचं उत्तर – "आपण आमच्यासाठी मोलाचे ग्राहक आहात. कृपया फोन बंद करून पुन्हा सुरू करावा."

मोलाचे! मग माणसाने लिहायचं होतं ना उत्तर. हे यंत्राने लिहिलेलं आहे, आंधळ्यालाही दिसेल. तरी बंद करून सुरू केला. दोनदा.

१६ सप्टेंबर

सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचा दरवाजा, आत थंडगार, भिंतभर एक हसरं कुटुंब, सगळ्यांच्या हातात फोन. नंबर लागायला जेवणाची वेळ झाली. काउंटरवरची इंजिनिअर मुलगी हुशार वाटली. माझे कान गेलेत कळल्यावर ओरडली नाही. बाकी सगळे ओरडतात. फोन समोर ठेवून सावकाश बोलली. एकूण एक अक्षर बरोबर!

"काका, इथे तर नीट चाललंय."

तेच तर ना! इथे नीट, कारखान्यात नीट, दूधवाल्याशी नीट. घोडं अडतं ते घरात. हिच्याशी बोलतानाच.

तिने विचार केला. म्हणाली, काही आवाज यंत्राला चटकन जमत नाहीत. काकूंच्या आवाजाची ओळख करून द्या. सेटिंगमध्ये एक उतारा येतो, तो त्यांनी फोनसमोर मोठ्याने वाचायचा, मग तो आवाज फोनच्या अंगवळणी पडतो.

एवढंच ना! खूश होऊन घरी आलो. हिला उतारा दाखवला. हिने वाचून बघितला, मनातल्या मनात. मग म्हणाली – "उद्या."

१९ सप्टेंबर

आजही "उद्या". कव्हरांची घाई आहे म्हणे.

२२ सप्टेंबर

लेकीचा मेसेज आला. ती लांब असते, नोकरीच्या गावी. मायलेकींचं फोनवर बोलणं होतं, माझ्याशी टाइप करून. तिला फोनचं गाऱ्हाणं सांगितलं. तिने लिहिलं – "बाबा, आईची कवळी नवी आहे ना, त्यामुळे तिचं बोलणं मलासुद्धा जरा वेगळं वाटतं. होईल सवय."

कवळी! डोक्यातच आलं नाही. ऑगस्टमध्ये हिने नवी कवळी बसवली. आधीच्या दातांचं काही दुखणं नव्हतं, पण हट्टच धरला होता. आता सगळा उलगडा झाला. म्हणजे कंपनीने कवळीवाल्या माणसांचा विचारच केलेला नाही. जगात कवळ्या काय थोड्या आहेत?

लगेच कंपनीला कळवलं. मुद्दा बिनतोड आहे. या वेळी माणूस उत्तर देईल.

२३ सप्टेंबर

दातांच्या डॉक्टरांकडे गेलो दोघं. त्यांनी कवळी काढली, घासली, बसवली. म्हणाले, हातमोज्यासारखी बसलीय, यात काही खोट नाही. परतताना ही रिक्षातून बाहेर बघत बसली. मी कंपनीबद्दल बोलत होतो.

२७ सप्टेंबर

आज बरंच लिहायचं आहे.

कंपनीच्या ग्राहकांचा एक मंच आहे. तिथे मी नेहमी इतरांच्या अडचणी सोडवत असतो. फुकट, हौसेने. तिथे माझी तक्रार टाकली. मला वाटलं होतं, धो-धो उत्तरं येतील – आमच्याकडेही हेच! एकानेही तसं म्हटलं नाही. सगळे म्हणतात, नवं अपडेट झकास आहे. एकाने तर लिहिलं, "काका, फोन हातातून पडला होता का?" ज्याला मी गेल्या वर्षी बॅटरी वाचवायला शिकवलं, तोच हा!

खूप लागलं. इतकी वर्षं यांची बाजू घेऊन भागीदाराशी भांडलो. आणि घरात हे असं. ही आताशा बोलायचं टाळते. पूर्वी मी घरी आलो की सुरू – शेजारीण काय म्हणाली, कुणाचं कुणाशी बिनसलं, दुकानदाराने कसं गंडवायला बघितलं आणि हिने त्याला कसं सरळ केलं. नकला तर अशा करते! पडद्यावर नकला उमटत नाहीत, पण तोंड बघत मी अक्षरं वाचायचो आणि कळायचं. मुख्य म्हणजे मी ती अक्षरं हिच्याच आवाजात वाचतो. कान चांगले होते तेव्हाच्या आवाजात. तो माझ्या डोक्यात आहे, स्वच्छ. फोन फक्त शब्द पुरवतो, आवाज माझा मी घालतो.

आता शब्दच नाहीत तर कशात घालू?

आज म्हटलं, लिहून दाखव की. हिने चिठ्ठी लिहिली – "दूध संपलंय." बस, तेवढंच. जिने उभ्या जन्मात दोन शब्दांवर काम भागवलं नाही, ती दोन शब्द लिहून मशीनवर जाऊन बसली.

मी फोन टेबलावर आपटला. नंतर काच बघितली. शाबूत आहे. त्या बाबतीत कंपनीला नाव ठेवायला जागा नाही.

२९ सप्टेंबर

तो उतारा हिने आज वाचला! मीच मागे लागलो. दोन ओळी झाल्या आणि फोन म्हणाला, "आवाज स्पष्ट नाही. पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी ही उठून आत गेली. मी बाहेरून ओरडत राहिलो, तुझी चूक नाहीये, हे सॉफ्टवेअरच भिकार आहे!

बराच वेळ बाहेर आली नाही.

२ ऑक्टोबर

भागीदार घरी आला होता, कव्हरांची मापं घ्यायला. त्याचा फोन दुसऱ्या कंपनीचा, नवाकोरा. फुशारक्या मारत म्हणाला, बघ, माझ्यातही अक्षरं येतात. हिच्यासमोर धरला. हिने नको नको केलं, मग काहीतरी बोलली. पडद्यावर – "अहो यांना आहाला देऊ अ."

तोच चिवडा! चहा देऊ का, एवढंच होतं ते. मला तर हायसं वाटलं. म्हणजे फक्त आपलीच कंपनी नालायक नाही, सगळ्याच आहेत! भागीदाराला म्हटलं, घे, किती पैसे घातलेस याच्यात? तो हसला नाही. हिच्याकडे बघत राहिला. मग चहा न घेताच निघाला.

काय झालं याला?

३ ऑक्टोबर

कंपनीचा ई-मेल. या वेळी खाली माणसाचं नाव! तक्रार वरपर्यंत गेली आहे. ज्या व्यक्तीच्या बोलण्याची अक्षरं चुकतात, तिच्या आवाजाचा नमुना जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावा, आमची टीम तपासेल.

बघा! चिकाटी लागते. ही माणसं वाईट नाहीत, जरा सावकाश आहेत एवढंच.

हिला सांगितलं असतं तर पुन्हा "उद्या". म्हणून सांगितलं नाही. संध्याकाळच्या चहाला रेकॉर्डिंग सुरू करून फोन नेहमीसारखा मधे ठेवला आणि हिला मुद्दाम बोलतं केलं – लेकीचा काय विचार आहे, नोकरी बदलतेय का. बोलली थोडं. चोरून केलं म्हणून जरा वाईट वाटलं. पण हिच्याच भल्यासाठी ना.

४ ऑक्टोबर

सेंटरला गेलो. हिला फक्त 'फोन दाखवून येतो' म्हटलं होतं. काउंटरवर तीच मुलगी. मला ओळखलं तिने. ई-मेल दाखवला, नमुना दिला. तिने हेडफोन घातला आणि वही ओढली, काहीतरी टिपायला. टिपलं काहीच नाही. एकदा ऐकलं, परत ऐकलं. मग हेडफोन काढून काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं नाही.

"काका, घरी अजून कोण असतं?"

म्हटलं, आम्ही दोघंच. लेक लांब.

तिने फोन माझ्याजवळ सरकवला आणि बोलायला लागली. अक्षरं उमटत गेली.

"काका, फोन बरोबर ऐकतोय. काकूंचे शब्दच असे येतायत. जीभ जड झाल्यासारखे. एकात एक मिसळल्यासारखे."

मी म्हटलं – कवळी! नवी आहे, दीड महिनाच झालाय. मोठ्याने म्हटलं असणार, रांगेतले लोक वळून बघायला लागले.

"माझ्या आजीलाही कवळी आहे, काका. ती असं नाही बोलत. मी काही डॉक्टर नाही. पण त्यांना लवकर दाखवा. फोनचं राहू दे."

मी पडदा पुन्हा पुन्हा वाचला. एक अक्षर चुकलं नव्हतं. या फोनने आयुष्यात एकदा तरी चुकायला हवं होतं, तर ते आत्ता.

ती काउंटरच्या बाहेर आली, दरवाजापर्यंत. दरवाजा ढकलून धरला. मी आभार मानले की नाही, आठवत नाही.

बस सोडली आणि चालत आलो. सगळे आठवायला लागले. लेक – आईचं बोलणं वेगळं वाटतं. भागीदार – चहा न घेता गेलेला. दूधवाला – परवा हिला काहीतरी परत परत विचारत होता. सगळ्यांच्या कानांवर पडत होतं. आणि मी, जो हिच्याशी सगळ्यांत जास्त बोलतो, तो अपडेटला शिव्या देत बसलो होतो.

घरी आलो तर ही दारात. हाताने विचारलं, काय म्हणाले?

म्हटलं, बघतो म्हणाले.

५ ऑक्टोबर

दिवसभर हिच्या तोंडाकडे बघत होतो. डावीकडचा ओठ जरा मागे राहतो. आधी कसं दिसलं नाही? कारण मी फोनकडे बघायचो.

विचारायचं धाडस झालं नाही.

६ ऑक्टोबर

विचारलं. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि टाइप केलं – "जूनपासून. दातांमुळे असेल म्हणून कवळी करून घेतली. मग तुम्ही कंपनीला धरलंत. वाटलं, कुणी सांगावं, तुमचंच खरं असेल."

उद्या सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. बोलणार मी. ऐकणार ही.