सासऱ्यांची बाटली

५ मार्च १९७४

मामंजींची लघवी आजही हिरवी.

नळीत बेनेडिक्टचं निळं औषध घालायचं, लघवीचे थेंब सोडायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी. विटकरी म्हणजे घरात रडारड. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून सासऱ्यांची लघवी माझ्या वाट्याला! बाटली आत्याबाई भरून मोरीपाशी ठेवतात. रंग पाहून डॉक्टर इन्सुलिन ठरवतात, सुई हे टोचतात. मामंजींच्या पायाची जखम भरत नाही म्हणून दोघा नवराबायकोला अकलूजहून इथं आणलं. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणालेत.

८ मार्च

बी.एस्सी.ला आज पेशीतल्या चयापचयाचं नियमन. पुरेसा माल तयार झाला की तो मालच पहिल्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवतो, काम थांबतं. इन्सुलिन हा मात्र बाहेरून आलेला हुकूम: साखर आत घ्या, साठवा. मुलांनी एकच विचारलं, परीक्षेला येणार का?

संध्याकाळी मामंजींना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कारखान्याच्या फाटकावर ऊस वाळतोय, आन आत गाळप बंद." मुलांपेक्षा बरं समजलं.

१४ मार्च

पिवळी. म्हणजे हिरव्याहून जास्त साखर.

मामंजी शपथ घेतात, गुळाचा खडाही तोंडात टाकला नाही. मी साखरेच्या डब्याला कुलूप लावलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं केलंस की." जखम मात्र सुकतेय. कशी, कळत नाही.

२३ मार्च

विटकरी! डॉक्टरांना नळी नेऊन दाखवली. त्यांनी इन्सुलिन बरंच वाढवलं. मी मामंजींना नको ते बोलले. म्हटलं, अंगठा तुमचा आहे, माझं काय जातंय. ते भाकरी अर्धी टाकून उठले.

२६ मार्च

दुपारी मामंजींना दरदरून घाम. मला बजाबाई म्हणाले. ही त्यांची कधीच वारलेली बहीण. हात थरथर, मग डोळे फिरवले. कुलूप उघडून साखरपाणी केलं, चमच्याचमच्याने पाजलं. ज्या साखरेपायी इतकी भांडले, ती मीच पाजत होते.

आता दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आले. डॉक्टर वैतागले: "रक्तात साखर नावाला नाही. लघवी विटकरी होती ना?" होती. मी स्वतः उकळली होती.

२७ मार्च

औषध बिघडलं असेल म्हणून दवाखान्यातून मामंजींची लघवी आणली. तेच औषध, तीच नळी. निळी! स्वच्छ निळी. घरी आत्याबाईंना दाखवली. त्या पदराशी चाळा करू लागल्या. म्हणाल्या, "सुनंच्या हातात सासऱ्याची बाटली कशी द्यायची गं? त्यास्नी लई लाज वाटायची. म्हणून पयल्यापासनं मीच माझी भरून ठिवली."

फार संतापले. माणूस मेला असता, म्हटलं. लाजेपायी! त्या रडल्या. मी रडले नाही, कॉलेजला गेले.

२८ मार्च

वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते, तेव्हा कळलं. हिरवी, पिवळी, विटकरी. ती साखर आत्याबाईंची.